बाबा, डीओ म्हणजे एलआयसीतला डीओ नव्हे

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा मधेच गप्प झाले तेव्हाच माझ्या लक्षात आलं, कुणीतरी कान भरलेत. अमेरिकेत खरे डॉक्टर एमडी असतात आणि तुमची पोरगी कसलं तरी डीओ करतेय, असंच ना? आईने तर मागेच विचारलं होतं, आपले तात्या एलआयसीत डीओ होते तसलं काही का गं म्हणून. नाही गं बाई, ते डेव्हलपमेंट ऑफिसर. फोनवर हे नीट सांगता येत नाही, तुम्ही दोघं एकदम बोलता, म्हणून लिहायलाच बसले.

आधी कामाचं सांगते म्हणजे बाबांचं बीपी खाली येईल. डीओ म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, ही इथली पूर्ण डॉक्टरकी आहे, फक्त जोडीला हाडं-स्नायू हाताने तपासून उपचार करायलाही शिकवतात, त्याला ऑस्टिओपॅथी म्हणतात. चार वर्षं मेडिकल कॉलेज मग रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, औषधं लिहिणं, ऑपरेशन करणं सगळं आलं, पन्नासही राज्यांत चालतं. आपल्याकडे एमडी एमबीबीएसच्या वर असते, इथे एमडी ही पहिलीच डिग्री आणि डीओ तिच्या बरोबरीची, गोंधळ होतो तो तिथे. शिवाय इंग्लंडमध्येही ऑस्टिओपॅथ असतात पण ते फक्त हाताने उपचार करतात, औषध लिहून देत नाहीत. तुमच्या त्या माहितगाराने गूगल केलं असेल तर तेच वर आलं असणार.

मी जिथे शिकतेय ना, मिझुरीतलं कर्क्सव्हिल, इथेच हे सगळं सुरू झालं. अँड्र्यू टेलर स्टिल म्हणून एक डॉक्टर होता, १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्याची तीन मुलं गेली आणि हा स्वतः डॉक्टर असून काही करू शकला नाही. त्या काळची औषधं म्हणजे पारा, अफू, दारू. माणूस पार उखडला त्या औषधांवर. १८७४ पासून तो सांगायला लागला की शरीर एकसंध आहे, त्याची बरं व्हायची ताकद त्याच्यातच असते, आणि रचना बिघडली की काम बिघडतं. मग हाडं बसवत गावोगाव फिरला. १८९२ मध्ये इथे शाळा काढली, पहिल्या वर्गात एकवीस जण, त्यात बायकासुद्धा, १८९२ मध्ये! लहानपणी त्याचं डोकं दुखायचं तर दोन झाडांना खाली सैल दोर बांधून, त्यावर घोंगडी टाकून मान टेकवून झोपायचा आणि दुखणं थांबायचं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मला वाचताना आजीची आठवण झाली, ती नाही का मानेखाली लाटणं घ्यायची.

सगळंच बरोबर होतं असं नाही हं. म्हातारा औषधांच्या फारच विरोधात गेला, आज आम्ही ती सगळी घोकतो. आणि कवटीच्या हाडांची म्हणे एक लय असते, ती बोटांना जाणवते, असंही शिकवतात, मला आजवर एकदाही जाणवलेली नाही आणि त्याला धड पुरावाही नाही. कंबरदुखीला मात्र हाताच्या उपचारांचा फायदा होतो असं बऱ्यापैकी दिसलंय. पुढे प्रॅक्टिसमध्ये बरेच डीओ हात फारसे वापरतच नाहीत, वेळ कुठे असतो.

पण हाताचं शिक्षण भारी आहे. पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून वरून बोटाने शोधायचा. सापडला की अजून एक पान वर टाकायचं. पहिल्या दिवशी मी दोन पानांत गार. आता बरीच पानं जमतात, जोर लावला की मात्र हरवतो, अगदी हलका हात पाहिजे, आई तू पुरणपोळी लाटतेस ना कडेला, तसा. मग तेच एकमेकांच्या पाठीवर. कुठे गरम लागतंय, कुठे दोरीसारखं कडक आलंय, डावी बरगडी श्वासाबरोबर उजवीइतकी उचलली जातेय का. परवा एक आजोबा आले होते, खांदा दुखतो म्हणून, आमच्या सरांनी खांद्याला हात लावायच्या आधी त्यांना नुसतं चालायला लावलं आणि मग म्हणाले की घोटा बघू.

म्हणून मला कॉलवर बाबांचं बसणं बघवत नाही. उजवीकडे कलून बसता तुम्ही. आणि आई म्हणाली पायाला मुंग्या येतात, ते तुम्ही मला का नाही सांगितलंत? आधी ऑर्थोपेडिककडे जा, तपासून घ्या, ते म्हणतील ते फोटो काढा, त्याआधी मीसुद्धा हात लावणार नाही. लघवीला त्रास झाला किंवा पायातली ताकद गेली असं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी. आणि दाढी झाल्यावर न्हाव्याकडून कडकड मान मोडून घेता ना, ते आजपासून बंद. मानेतून मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, कटकन् फिरवली की कधीकधी फाटतात. आईची हाडं ठिसूळ आहेत, तिच्या पाठीवर कुणी चढायचं नाही, मालीशवाल्या मावशींनाही सांग.

डिसेंबरमध्ये येतेय. रिपोर्ट ठीक असले तर गादी काढून दिवाणावर सतरंजी टाकून ठेवा, बाबांना तिथे पालथं झोपवणार आहे, आणि तेव्हा टीव्ही बंद.

तुमची,
चिमी

ता.क. कान भरणाऱ्या काकांची पाठ दुखत असेल तर त्यांनाही बोलवा.