हिरवा ‘मार्बल’ बसवायच्या आधी

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत देवघरासाठी हिरवा मार्बल घ्या म्हणून मस्त फोटो टाकलेत, फक्त तो दगड मार्बल नाहीये एवढं एका ओळीत सांगायला हवं होतं. उदयपूरच्या दक्षिणेला ऋषभदेव, म्हणजे आपलं केसरियाजी, तिकडच्या खाणींतून हा भरपूर येतो. बाजारात पॉलिश घेणारा असा मऊ दगड मार्बल म्हणूनच विकतात, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मकराण्याचा पांढरा तो खरा मार्बल, चुनखडीपासून झालेला. हा हिरवा आहे सर्पेंटिनाइट, म्हणजे सर्पेंटाइन खनिजांचा खडक. ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजाने भरलेल्या जड खडकात जमिनीखाली पाणी मुरलं, खनिजं बदलली, खडक फुगला, तडकला आणि भेगांमधे कॅल्साइट-डोलोमाइट भरलं, आपण ज्याला डिझाइन म्हणतो ती पांढरी जाळी म्हणजे तेच. राजस्थानातल्याच बिदासरच्या ‘रेनफॉरेस्ट ग्रीन’ नावाच्या दगडामधे तर तपकिरी रेषा हुबेहूब झाडाच्या मुळांसारख्या दिसतात, झाडाचा काही संबंध नाही पण.

ओळखायचं असेल तर दुकानातून एक तुकडा मागून घ्या. सुरीच्या टोकाने ओरखडा उठला तर ग्रॅनाइट नाही. मग सौम्य अ‍ॅसिडचा थेंब टाका (हातमोजे घालून हो), मकराण्याचा लगेच फसफसतो, हा हिरवा भाग गप्प बसतो आणि पांढऱ्या रेषांत जिथे कॅल्साइट आहे तिथेच काय ते फसफसतं. म्हणूनच लिंबू सांडलं की पॉलिश आधी त्या रेषांवरचं जातं, ओट्याला लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

खरा घोळ बसवताना होतो. पातळ हिरवी टाइल पाण्यात कालवलेल्या सिमेंटवर किंवा साध्या अ‍ॅडहेसिव्हवर टाकली की खालून पाणी पिते, एका बाजूने फुगते आणि कोपरे वर येतात, मग मिस्त्रीला शिव्या. तिला इपॉक्सीसारखं पाणी नसलेलं अ‍ॅडहेसिव्ह लागतं, महाग पडतं पण दुसरा उपाय नाही.

आणि कापताना पाणी सोडायलाच लावा. सर्पेंटाइनच्याच कुटुंबातलं क्रायसोटाइल म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, प्रत्येक लादीत असतं असं नाही पण काही दगडांत त्याच्या शिरा असू शकतात. बसवलेल्या, पॉलिश केलेल्या फरशीवर चालायला घाबरायचं कारण नाही, धोका आहे तो कोरड्या धुळीचा. आमच्या बिल्डिंगमधे जिन्यात बसून कटर चालवतात, पोरगं असतं विशीतलं, तोंडाला रुमालसुद्धा नाही. पुढच्या पुरवणीत दोन फोटो कमी टाका पण हे छापाच.

— एक वाचक, पुणे