बाणाईचं देऊळ निम्म्या वाटेवर का?

लेस्टर, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "धर्म शिकायला पदवी कशाला? घरात काय कमी होतं?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तेच मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

इथल्या ओपन युनिव्हर्सिटीत मी नाव घातलं ते ४६व्या वर्षी. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात नोकरी-संसार सांभाळून घरबसल्या शिकता येतं, प्रवेशाला आधीच्या मार्कांची अट नाही. पदवीला ३६० क्रेडिट लागतात. वर्षाला ६० केले की सहा वर्षं. यंदा माझं तिसरं. रात्री जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या टेबलावरच पुस्तकं उघडते.

पोरीची श्रद्धा उडेल, ही तुमची भीती मला कळते. पण देव आहे की नाही, याचा निवाडा इथे कुणी करत नाही. तो प्रश्न बाजूला ठेवून माणसं काय करतात, काय सांगतात, कुणाच्या पंगतीला बसतात नि कुणाच्या नाही, ते बघायचं. निनियन स्मार्ट या प्राध्यापकांनी १९६७ साली इथल्याच लँकेस्टर विद्यापीठात अशा अभ्यासाचा विभाग उभा केला. धर्मात तत्त्वज्ञानाबरोबर विधी, कथा, अनुभव, आचार, समाज, मूर्ती-देवळं हे सगळं धरायला हवं, असं ते मांडत. ते वाचताना मला चंपाषष्ठीचं ताट दिसलं. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, तळी उचलताना "येळकोट येळकोट", बाबांच्या कपाळावरचा भंडारा. धर्म म्हणजे बाबांच्या कपाटातली ज्ञानेश्वरी, आणि आई करते ते घरकाम, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. आई, चुकलंच माझं.

आता बाणाईचं. जेजुरीचा गड चढताना मी लहानपणी विचारलं होतं, दोघी खंडोबाच्याच बायका, मग म्हाळसा वर देवापाशी आणि बाणाई निम्म्या वाटेवर का? तू म्हणालीस, "सवती एका घरात नांदतात होय!" गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक होते. धनगरांमध्ये राहून त्यांनी ओव्या जमवल्या, बिरोबा-म्हसकोबा-खंडोबावर १९७६ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या अभ्यासामुळे माझ्या ध्यानात आलं, की म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक पेठेतली, एक रानातली. एकाच देवाच्या संसारात दोन्ही जगं आली, तरी एकीची जागा खालीच राहिली. तुझं उत्तरही मी निबंधात घातलंय, कारण हजारो बायका तेच उत्तर देत गड चढल्या असतील. सोन्थायमर आणि तू, दोघं एकाच पानावर आहात.

बाबा, मी रोज दिवा लावते. पूर्वीपेक्षा जास्त वेळ समोर बसते.

एक काम होतं. तळी भरून झाल्यावर आजी बाणाईचं गाणं म्हणायची. पुढच्या निबंधासाठी मला ते पूर्ण हवंय आणि मला पहिल्या दोनच ओळी येतात. आई, दुपारी निवांत बसून फोनवर म्हणून पाठव. बाबा, तुम्ही शेजारी बसा. "शेळ्या-मेंढ्या"च्या पुढे ती अडते, तिथलं तुम्हाला येतं.

तुमची,
ताई