एनपीटीच्या पाकिटात बीएसपीटी फिटिंग, आणि सोबत टेप

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑइल प्रेशर लाइनच्या किटमधली चुकीच्या आट्यांची एल्बो (नळीचा काटकोनी जोड) आणि धोकादायक सूचनापत्रक

महोदय,

मी रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली बीकेसीच्या प्रदर्शनात पाहिलं, तेव्हापासून मी आणि माझा भाचा मुलुंडच्या एका गाळ्यात दोन आसनी विमान जुळवतो आहोत. इंजिन लायकॉमिंग ओ-२३५. त्याच्या ऑइल प्रेशर लाइनसाठी आम्ही तुमचं किट घेतलं. पाकिटावर स्पष्ट छापलंय : १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे निमुळते आटे.

एल्बो भाच्याने बसवली, तुमच्या कागदात लिहिलंय तशीच, पांढरी टेप गुंडाळून. हाताने फिरवताना ती डुगडुगत होती आणि नेहमीपेक्षा खोल गेली, हे त्याने मला नंतर सांगितलं. पान्याने आवळल्यावर घट्ट वाटली. दहा मिनिटं इंजिन चालवलं तर एल्बोच्या बुडाशी तेलाचं ओलं कडं. तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, "टेप अजून दोन फेरे गुंडाळा."

भाच्याने गुंडाळली. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं आणि प्रेशरचा काटा शून्यावरून हललाच नाही. ३० सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर इंजिन बंद करायचं, हा नियम त्याला पाठ आहे. त्याने बंद केलं.

मग मी एल्बो काढली आणि बॅटरी धरून आत पाहिलं. तिच्यातलं भोक जेमतेम १ मिलिमीटरचं असतं, मुद्दाम, म्हणजे पुढची नळी फुटली तरी सगळं तेल एकदम बाहेर पडत नाही. त्या भोकावर टेपचा पांढरा तंतू आडवा बसला होता. सुईने ओढला तर नखाएवढा निघाला. आट्याच्या तोंडाशी कातरलेली टेप तेलाने आत ढकलली होती. हीच टेप बेअरिंगकडे तेल नेणाऱ्या फिटिंगवर लावली असती तर तो तंतू कुठे जाऊन अडकला असता, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पाती, लावला. २७ ची पाती बसेना, २८ ची चपखल बसली. या मापात एनपीटीला इंचात २७ आटे आणि ६० अंशांचा कोन, बीएसपीटीला, म्हणजे ब्रिटिश मापाच्या निमुळत्या आट्यांना, २८ आणि ५५. व्यासातही अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक, म्हणून ती डुगडुगली. आपल्याकडे पाण्याच्या नळाला हेच ब्रिटिश माप, बीएसपी, चालतं, नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात एनपीटी मागितलं तरी पोरं सवयीने बीएसपी हातात देतात. तिथे मी स्वतः तपासून घेतो. तुमचं पाकीट सीलबंद होतं आणि त्यावर विमानाचं चित्र होतं, म्हणून विश्वास ठेवला.

खरी एनपीटी फिटिंग आट्यांवर आट्यांच्या दाबाने बसते. उरलेली फट भरायला तेलाला टिकणारं पेस्टसारखं सीलंट लावतात, आणि तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून, म्हणजे कण आत पडत नाहीत. एल्बोच्या दुसऱ्या टोकाला ३७ अंशांचा फ्लेअर, म्हणजे शंकूसारखं उतरतं तोंड, आहे. तिथे धातूवर धातू बसून गळती थांबते, आट्यांना काही लावायचं नसतं. तुमच्या कागदात तिथेही टेप सांगितली आहे! हा कागद ज्याने लिहिला त्याने विमानाच्या इंजिनावर कधी काम केलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. गळकं तेल एग्झॉस्टच्या तापलेल्या पाइपवर पडलं तर आग लागते. नळाखाली बादली ठेवण्यासारखं ते नाही.

किटचे पैसे आणि केसिंगच्या भोकाचे आटे तपासून घेण्याचा खर्च मला परत हवा आहे. पण त्याआधी, या लॉटमधली किट ज्यांनी घेतली त्या प्रत्येकाला लेखी कळवा की ती बसवू नका, बसवली असेल तर इंजिन सुरू करू नका. तुमच्याकडे बिलं आहेत, पत्ते आहेत. उरलेला माल गेज लावून तपासा, टेप किटमधून काढा, सूचनापत्रक बदला. आणि हेल्पलाइनवर बसणाऱ्या मुलांना हे समजावा. त्यांना कोणी शिकवलंच नाही, त्यांच्यावर माझा राग नाही.

बिलाची प्रत, पिच गेज लावलेल्या एल्बोचे फोटो आणि त्या तंतूचा फोटो सोबत जोडला आहे. एल्बो आणि तंतू माझ्याकडे जपून ठेवले आहेत, मागितले तरी ताब्यात देणार नाही, गाळ्यावर येऊन पाहावे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

त्या विमानात पहिला बसणार आहे तो माझा भाचा. तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक ग्राहक
मुलुंड, मुंबई