ट्रे शनिवारी आणून देते, काका

प्रिय काका,

सा. न.

तुम्ही मोबाइल फक्त फोन उचलायला वापरता, त्यामुळे हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत आभार मानायचे होते, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या एकांकिकेत मी जी मुलगी साकारते, ती मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर ड्रिंक्स सर्व्ह करते. घर कुडाळजवळ, ड्यूटी पणजीत, जेट्टीवरून छोट्या बोटीने कामावर. आपल्याकडची किती पोरं गोव्यात कामाला आहेत, तरी तिचा पोशाख शोधायला मी इंटरनेटवर गेले! आखूड काळा सॅटिनचा ड्रेस, लाल जाळीचे स्टॉकिंग्ज, गळ्यात बो, पेन्सिल हील, आणि हातात आईचं हळदीकुंकवाचं स्टीलचं तबक. तालमीला तुम्ही सहज डोकावलात, माझ्या पायांकडे बघितलंत आणि म्हणालात, "गो, ह्यां घालून आठ तास उबी रवतलंस?"

गोव्यातल्या हॉटेलच्या बारमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. दिग्दर्शकाने दोन महिन्यांत मला असं काही विचारलं नव्हतं.

मग ड्रेस तेवढा राहिला, बाकी सगळं बाद. साधे काळे स्टॉकिंग्ज, जाड टाचेचे बंद बूट, तेही संध्याकाळी पाय सुजल्यावर मापून घ्यायचे. केस जाळीत बांधलेले. बांगड्या नाहीत, कारण काचेला लागतात. अत्तर नाही, कारण पिणाऱ्याला ड्रिंकचा वास यायला हवा. खिशात ओपनर आणि पेन. आणि तुमचा तो रबर बसवलेला गोल काळा ट्रे.

तुमच्या अंगणात पाण्याने भरलेले सहा पेले डाव्या पंजावर घेऊन मी किती फेऱ्या मारल्या असतील! जड ग्लास मध्ये, उंच ग्लास आपल्या अंगाकडे. उचलताना एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. गिऱ्हाइकाला ट्रेवरून स्वतः उचलू द्यायचा नाही.

आईला खुपत होता तो ड्रेसचा गळा. ती म्हणे, पुढे वाकलीस की काय दिसेल! शिंपीणकाकू कापड जोडायच्याच बेतात होत्या, तेवढ्यात तुम्ही वाकायची पद्धतच बदललीत. टेबलाला बाजू द्यायची, पाठ ताठ ठेवायची आणि फक्त गुडघ्यात खाली जायचं. मी नंतर वाचलं, शिकागोत 1960 मध्ये उघडलेल्या प्लेबॉय क्लबमध्ये मुलींना असंच काहीसं शिकवायचे. त्याला 'बनी डिप' म्हणत. पोशाख मालकाने ठरवायचा आणि त्यात सावरायचं कसं ते बाईने शिकायचं, हे काही मला पटलेलं नाही. पण रंगमंचावर त्या एका हालचालीने मुलगी उभी राहिली, हे खरं.

प्रयोगाला तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, म्हणजे ते बघितलंच असेल. आमच्या 'साहेबा'ने वाक्य विसरल्यावर घाबरून ट्रेवरचा ग्लास स्वतःच उचलला. ट्रे कलंडला, मी न बघता गुडघ्यात गेले. पाच वाचले. सहाव्यातला गार कोरा चहा, म्हणजे आमची व्हिस्की, त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेला. प्रेक्षकांना तो नाटकातलाच भाग वाटला, आणि सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसलात.

ट्रेचं रबर एका बाजूने उचकटलंय. तेवढं चिकटवते आणि शनिवारी घेऊन येते.

तुमची,
तबकवाली