पायाळू मुलीचं आई-बाबांना पत्र

डेव्हनपोर्ट, आयोवा
रविवार सकाळ

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबांनी पाठवलेला व्हिडिओ मी काल तीनदा बघितला. मंगल कार्यालयाचा हॉल, खाली गाद्या, दीडशे-दोनशे माणसं रांगेत, आणि तो माणूस एकेकाची मान दोन्ही हातांत धरून काडकन फिरवतोय. खाली लिहिलंय, ‘मणक्यातली गॅप पाच मिनिटांत गायब’. मग फोनवर आई सहज बोलून गेली, "दोघांचीही नावं दिलीत, मी पण दाखवून घेते." तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. हा विषय फोनवर काढला की बाबा गप्प होतात आणि आई जेवणाचं विचारते, म्हणून लिहायला बसले. दोघांनी शेजारी बसून वाचा. दादाला पण द्या वाचायला.

मणक्याला हाताने झटका द्यायच्या या उपचाराच्या, म्हणजे कायरोप्रॅक्टिकच्या, मी विरोधात नाही, हे आधीच सांगते. मी विरोधात असणार तरी कशी? आपल्या एसटी कॉलनीत कुणाच्या पाठीत उसण भरली की लोक आपल्याच दाराशी यायचे. "पायाळू पोरगी आहे ना घरात? जरा पाय लावायला सांगा." मी सात-आठ वर्षांची असेन. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी उजव्या पायाने हलकेच लाथ मारायची. आणि बाबा, तुम्ही चिपळूणची वस्तीची गाडी करून सकाळी घरी आलात की शहाबादी फरशीवर पालथे पडायचात आणि म्हणायचात, "चाल गं पाठीवर." मी कपाटाच्या कडेला धरून चालायची. कंबरेच्या जरा वर एका जागी टाच आली की तुम्ही "हं, तिथंच" म्हणायचात आणि एक मोठा श्वास सोडायचात. ती जागा माझ्या तळपायाला अजून आठवते. बत्तीस वर्षं तुम्ही गाडी चालवलीत, त्यातली किती वर्षं कुंभार्ली घाटात गेली. पाठ दुखणार नाही तर काय होईल? इंजिनाचे हादरे वर्षानुवर्षं बसणाऱ्यांना कंबरदुखी जास्त होते, हे आता डॉक्टरही मानतात. तुमचं दुखणं मनाचं नाही. तुम्हाला आराम पडावा म्हणूनच हे सगळं लिहितेय.

आणि योग असा, की मगरपट्ट्याच्या ऑफिसातून कंपनीने मला जिथं पाठवलं तिथंच या उपचाराचा जन्म झालाय. हिरव्या ट्रॅक्टरची कंपनी नदीच्या पलीकडे मोलीनला, आणि मी अलीकडे डेव्हनपोर्टला. (बाबा, मिसिसिपी सगळीकडे उत्तरेकडून दक्षिणेला जाते, पण आमच्या इथं ती वळण घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. तुम्ही आलात की पुलावरून दाखवेन.) गावातल्या ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर पामर कॉलेज आहे, जगातलं पहिलं कायरोप्रॅक्टिक कॉलेज. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ इथं हात ठेवून लोकांना बरं करायचा व्यवसाय करत होता. तो डॉक्टर नव्हता. १८९५च्या सप्टेंबरात त्याने त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वे लिलार्ड या माणसाच्या पाठीतला एक उंचवटा दाबून बसवला आणि सतरा वर्षं बहिरा असलेला लिलार्ड ऐकू लागला, असं त्याने सांगितलं. दोन वर्षांनी शाळा काढली. पुढे परवान्याशिवाय उपचार केले म्हणून १९०६ साली तो तुरुंगातही जाऊन आला. त्याचं म्हणणं होतं की शंभरातले पंच्याण्णव रोग मणके जागचे हलल्यामुळे होतात.

आता ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूकडे जाते, पाठीतून जातच नाही. त्यामुळे ती गोष्ट मला पटत नाही आणि तुम्हीही मानू नका. मणके दाबून शुगर, बीपी, दमा, थायरॉईड बरं करतो असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून यायचं. तुमच्या व्हिडिओतला माणूस नेमकं हेच म्हणतोय, बाबा. चौथ्या मिनिटाला परत ऐका.

पण म्हणून सगळंच खोटं आहे असंही नाही. डॉक्टरांचा आणि या लोकांचा इथं फार वर्षं झगडा चालला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन आपल्या डॉक्टरांना यांच्याशी संबंध ठेवू देत नव्हती. पाच कायरोप्रॅक्टर १९७६ला कोर्टात गेले आणि १९८७ला न्यायाधीशांनी तो बहिष्कार बेकायदा ठरवला. पण कोर्टात जिंकलं म्हणून गुण येतो असं काही सिद्ध होत नाही. माझ्या दृष्टीने पुढचं महत्त्वाचं. २०१७ साली अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने सांगितलं, की साध्या कंबरदुखीला आधी औषधाविना उपाय करा. जुनाट दुखण्यासाठी व्यायाम, योग, अ‍ॅक्युपंक्चर अशी जी यादी त्यांनी दिली, तिच्यात हाताने मणक्याला झटका देण्याचा उपचारही आहे. २०२३च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीसाठी तो उपाय यादीत घेतला. फायदा किती? थोडा ते मध्यम. व्यायामाने होतो साधारण तेवढाच. जादू नाही, पण ज्याला रात्री कूस बदलताना कळ येते त्याला थोडा आराम म्हणजेही खूप असतो, हे मला माहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कागदात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या तुमच्यासाठी वाचल्या. कमरेचा पट्टा आणि वजनं लावणं, म्हणजे ट्रॅक्शन, हे दोन्ही नेहमीच्या उपचारात नकोत असं त्यांनी म्हटलंय. बाबा, तुम्ही तो पट्टा उठल्यापासून झोपेपर्यंत बांधून असता. एकदम काढू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

मी स्वतः इथं उपचार घेतलेत. तुम्हाला सांगितलं नव्हतं, काळजी कराल म्हणून. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत दारासमोरचा बर्फ फावड्याने काढला आणि दुसऱ्या दिवशी मान अशी आखडली की गाडी मागे घेताना वळून बघता येईना. आधी एका ठिकाणी गेले. पंधरा मिनिटांत एक्स-रे काढला, "मानेचा बाक गेलाय" म्हणून घाबरवलं आणि छत्तीस वेळा यावं लागेल, पैसे आगाऊ भरा, असा कागद पुढे केला. मी सही केली नाही. मग ऑफिसातल्या मैत्रिणीने दुसऱ्या बाईंचं नाव दिलं. वयाने आईएवढ्या असतील. त्यांनी पहिला अर्धा तास हातही लावला नाही, नुसते प्रश्न विचारले. चक्कर येते का, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसतं का, हाताला मुंग्या येतात का, घरात कुणाला पॅरालिसिस झालाय का. मग बीपी घेतलं, कोपरावर आणि गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, बोटं घट्ट धरायला लावली. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या मानेला झटका द्यायची गरज नाही. तो दिला तर क्वचित कुणाची मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. फार क्वचित होतं, पण दुसऱ्या मार्गाने काम होत असेल तर मी तो धोका का घेऊ?"

त्यांचं टेबल अरुंद, डोक्याकडे तोंड बसेल एवढं भोक आणि त्यावर कागद. मी पालथी पडले. त्यांनी खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये तळहात टेकले आणि म्हणाल्या, श्वास घे, आता सोड. श्वास संपत आला आणि एकच छोटा, झटकन दाब. वाळका हरभऱ्याचा घाटा फुटावा तसा आवाज झाला. दुखलं नाही. उठून बसले तर मान डाव्या खांद्याच्या बरीच जवळ वळत होती. दुसऱ्या दिवशी अंग जरा ठणकलं, ते होतं. मानेला त्यांनी फक्त हळूहळू ताण दिला. पाच वेळा गेले. पाचव्यांदा त्या म्हणाल्या, आता माझ्याकडे यायचं काम नाही, व्यायाम सोडू नकोस.

तो आवाज कसला, हे मी त्यांना विचारलं, कारण बाबा, तुम्हाला त्या आवाजाचीच ओढ आहे. हाडं जागेवर बसल्याचा तो आवाज नाही. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, सांधा झटकन ताणला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि कट् होतं. आई दृष्ट काढताना कानशिलांवर बोटं मोडते ना, तोच आवाज. आवाज आला म्हणजे गुण आला असं नाही आणि नाही आला म्हणून वाया गेलं असंही नाही. ती ‘गॅप’ पण तशीच. आपल्याकडे जो तो म्हणतो मणक्यात गॅप आलीय. खरं तर उलटं असतं. दोन मणक्यांमधली चकती वयानुसार झिजते आणि तिथली जागा कमी होते. तुमच्या एमआरआयमध्ये चकती फुगलीय असं लिहिलंय, तसं साठीतल्या ज्यांचं काहीच दुखत नाही अशा निम्म्याहून जास्त लोकांच्याही एमआरआयमध्ये निघतं. तेव्हा तो रिपोर्ट उशाला घेऊन झोपू नका, बाबा. पाठ मोडलेली नाही तुमची.

आता आई, तुझं. तू तर नाव काढूनच घ्यायचं. यात घासाघीस नाही. मागच्या वर्षी तुझी हाडांची तपासणी केली तेव्हा आकडा उणे २.९ आला होता. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडं ठिसूळ. ठिसूळ मणक्याला झटका दिला तर तो दबून मोडू शकतो. माझ्या इथल्या बाईंनाही मी विचारलं, तुझं वय आणि आकडा सांगून. त्यांनी एका क्षणात मान हलवली. झटका नाही. त्या हॉलमध्ये दोनशे माणसांत तुला कुणी विचारणार आहे का, की हाडांची तपासणी झालीय का? व्हिडिओत तर तो कुणाला नावही विचारत नाही.

तुझी मान का दुखते ते मला ठाऊक आहे. पिको-फॉल आणि ब्लाउज शिवून तू आमच्या दोघांच्या फिया भरल्यास. दिवाळीच्या आधी रात्री दीड-दोनपर्यंत मशीनचा आवाज यायचा, आणि त्या पिवळ्या बल्बखाली सुईत दोरा घालताना मानेवर तुझा डावा हात असायचा. आता शिवण नाही तर फोन तसाच मांडीवर ठेवून बघतेस. फोन उंच धर, नाहीतर दादाकडून स्टँड मागवून घे. गरम पाण्याच्या पिशवीने शेक. हाडांची गोळी चुकवू नकोस, ती रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हे लक्षात आहे ना? आणि फिजिओकडे जा, पण हाडांचं आधी सांग. ती तुला हलक्या हाताचे आणि मान बळकट करायचे व्यायाम देईल.

बाबा, तुम्हाला मी हात लावून घेऊ नका म्हणत नाही. फक्त तिथं नको. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी सरकारी परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं. इथं आधी काही वर्षं कॉलेज करून मग आणखी साधारण चार वर्षं शिकावं लागतं, मग परीक्षा, मग राज्याचा परवाना. तसे शिकून आलेले लोक पुण्या-मुंबईत थोडेफार आहेत. शिवाय आपले चांगले फिजिओथेरपिस्टही हाताने हे काम करतात आणि त्यांची नोंदणी असते. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मग जो कुणी हात लावेल त्याला रिपोर्ट द्या, बीपीची गोळी सांगा. जो न तपासता झटका देतो त्याच्या हाती पाठ देऊ नका. चार-सहा वेळात फरक नाही पडला तर थांबा. पैशांचं मी बघते, त्यावर बोलू नका.

आणि केस कापल्यावर मान मोडून घेणं आजपासून बंद. शपथ घालते. ते लहानपणापासून बघतेय आणि आता मला काय होऊ शकतं ते कळलंय. मालिश घ्या हवी तेवढी.

एक भीतीची गोष्ट पण सांगून ठेवते. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटला, बसायच्या जागी बधिर झालं, पाय लुळा पडायला लागला, तर फिजिओ नाही, शेक नाही, रात्र असली तरी दादाला उठवून दवाखान्यात जायचं. कळ रात्री झोपेतही कमी होत नसेल, बारीक ताप असेल, वजन उतरत असेल, तरी लगेच डॉक्टर. आणि मानेत कधी झाली नाही अशी अचानक तीव्र कळ, त्यासोबत चक्कर किंवा जीभ जड, तरीही तेच.

डिसेंबरात मी येतेय, तिकीट काढलंय. तोवर बाबा, सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत आणि परत, एवढं चाला. सुरुवातीला दुखेल, पण थोडं दुखलं म्हणजे काही तुटलं असं नसतं. मध्ये बसायचं तर बसा. आल्यावर मी तुमच्याबरोबर चालेन आणि पुण्याला डॉक्टरांकडेही आपण मिळून जाऊ, मी बाहेर बसणार नाही, आत येणार.

तुमच्या पाठीवर ती जागा नेमकी कुठं आहे, ते त्यांना मी सांगू शकते.

आज रात्री नऊला फोन करते. आईचं नाव काढलं की नाही, तेवढं आधी सांगा.

तुमची,
चिऊ