तुकड्यांची पिशवी उलगडून बसलेल्या काकूंना

काकू,

हे पत्र दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा मधेच थांबले. ती दुपार आठवली की अजून गळा दाटून येतो. कारण म्हणाल तर स्टॅबिलायझरच्या, म्हणजे भरताना कापडाला आधार म्हणून लावतात त्या अस्तराच्या, तुकड्यांची एक पिशवी, एवढंच. पण ती पिशवी मी दोन वर्षं लपवून ठेवली होती.

मशीनवर भरतकाम करणाऱ्यांना हे तुकडे कसे साठतात ते सांगायला नको. १० सेंटिमीटरच्या हूपमध्ये, म्हणजे कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीत, ताणून बसवायचं तर चारी बाजूंनी जास्तीचं स्टॅबिलायझर लागतं, म्हणजे साधारण १५ बाय १५ चा चौकोन. आणि मधे भरायचं काय, तर ४ सेंटिमीटरचं फूल. २२५ चौरस सेंटिमीटरांतले १६ कामी येतात, बाकीचं कात्रीखाली. मला ते टाकवत नव्हतं.

जिथे शिकले तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उरलेलं फेकायचं. एकदा धीर करून विचारलं, जोडून वापरलं तर? सगळ्या वर्गासमोर उत्तर मिळालं, एवढीच काटकसर करायची तर मशीन घेतलं कशाला. मग घरी एकटीनेच करून पाहिलं. पिशवीतले दोन तुकडे जोडून एका टी-शर्टखाली लावले. भरून झालं तेव्हा फूल सुरेख दिसत होतं. पहिल्या धुण्यातच ते आक्रसलं, भोवती चुण्या पडल्या आणि काम परत आलं. ज्यांच्याकडून सामान घेत होते त्यांना दाखवलं, तर म्हणाले, नवा रोल घ्या. तो तुकडा कुठल्या प्रकारचा होता, हे कुणीच विचारलं नाही.

तुम्ही पहिलं तेच विचारलंत. मला सांगता येईना, तेव्हा म्हणालात, “आण बघू ती पिशवी.”

तुम्ही खाली बसलात. पिशवीत हात घालून एक चुरगळलेला तुकडा काढलात, गुडघ्यावर ठेवलात आणि तळहाताने हळूहळू सपाट केलात. मग दुसरा. मग तिसरा. बोटाएवढ्या पट्ट्यासुद्धा. एकाही तुकड्याला “हा कशाला ठेवलास?” म्हणाला नाहीत. सुरकुती काढताना तुमचा हात जसा फिरत होता, तसा शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या केसांवरून फिरतो. मी समोर बसून पाहत होते. दोन वर्षं ज्याची लाज वाटली, ते तुम्ही मांडीवर घेऊन नीट करत होतात. काकू, नंतर तुम्ही पुष्कळ शिकवलंत, पण मला सावरलं ते त्या तळहाताने.

मग बोट ओलं करून एका तुकड्याच्या कोपऱ्याला लावलंत. कोपरा बुळबुळीत झाला आणि विरघळला. मी ज्याला कट-अवे, म्हणजे कडेचं कापून बाकीचं कायम खाली राहणारं समजत होते, ते कापडासारखं दिसणारं वॉश-अवे, पाण्यात विरघळणारं होतं! टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला जन्मभर आधार लागतो आणि मी दिलेला आधार पहिल्याच पाण्यात वाहून गेला होता. चूक जोडण्यात नव्हती, सगळ्या प्रकारचे तुकडे एकाच पिशवीत कोंबण्यात होती. दोन वर्षांचं ओझं एका ओल्या बोटाने उतरलं.

आता ते तुकडे कामाला लागलेत. कट-अवेचे तुकडे काठावर काठ चढवून, सपाट झिगझॅग मारून जोडते आणि जोड दाट टाक्यांखाली येऊ देत नाही. टिअर-अवेच्या, म्हणजे भरून झाल्यावर फाडून काढायच्या, पट्ट्या काजांखाली जातात, मोठे तुकडे हूपच्या खाली नुसते सरकवते, ते हूपमध्ये पकडावेही लागत नाहीत. पाण्यात विरघळणाऱ्या पातळ फिल्मचे तुकडे टॉवेलवर पसरते, टाके लूपमध्ये बुडत नाहीत. आणि अगदी चिमटीएवढा फिल्मचा चुरा पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवलाय. धुता येणाऱ्या झिरझिरीत कापडावर ब्रशने लावून वाळवला की कापड कागदासारखं कडक होतं, आणि काम झाल्यावर धुतलं की पुन्हा मऊ. हे पहिल्यांदा केलं तेव्हा ते कापड किती वेळ नुसतं हातात धरून बसले होते.

खूप काही येत असलेली माणसं मला भेटली आहेत. समोरच्याला खाली न पाहायला लावता शिकवणारी फार थोडी. तुम्हाला माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं, वेळ तुमचा जात होता, तरी पिशवीच्या तळाशी गेल्याशिवाय तुम्ही उठला नाहीत. असा चांगुलपणा मोठ्याने बोलत नाही, म्हणून तो कुणीतरी लिहून ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

निघताना तुम्ही प्रकाराप्रमाणे लावलेल्या प्रत्येक ढिगातल्या एकेका तुकड्याच्या कोपऱ्यावर शिसपेन्सिलीने अक्षर लिहिलंत. कापायचं त्यावर ‘का’, फाडायचं त्यावर ‘फा’, पाण्यात जाणारं त्यावर ‘पा’. आता पिशव्याही तशाच तीन आहेत, आणि पाण्याची पिशवी दमट हवा लागू नये म्हणून घट्ट बंद. ‘का’ लिहिलेला तुमचा तुकडा परवा एका कुर्त्याखाली वापरला. अक्षराचा कोपरा मात्र आधी कापून ठेवला. तो मशीनच्या दिव्याखाली चिकटवलाय.

तुमची,
पिशवीवाली