मोतीला सांभाळणाऱ्यांचे आभार

धुळ्याहून दिंडोरीकडच्या एका वायनरीत आम्ही वाइन चाखायला गेलो होतो, सोबत आमचा कुत्रा मोती. कुत्र्याला आत घेतात, म्हणूनच ती निवडली. तिथे काउंटरवर वाइन ओतणाऱ्या ताईंचे आधी आभार. आमच्या ग्लासांआधी त्यांनी मोतीपुढे पाण्याचं भांडं ठेवलं. ग्लास फिरवून वास कसा घ्यायचा, शेनिन ब्लाँकनंतरच शिराझ का (आधी हलकी पांढरी, मग जड लाल), घोट गिळायचा नसेल तर थुंकायला भांडं असतं, हे सगळं न कंटाळता सांगितलं. मध्येच खाली पडलेला द्राक्षाचा मणी त्यांनी झटकन उचलला. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, अगदी थोड्या खाल्ल्या तरी. द्राक्षांच्या बागेत कुत्रा नेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक हवं.

परतताना लळिंगच्या किल्ल्याखाली टायर पंक्चर. गाडी चालवणारा मित्र थेंबालाही शिवला नव्हता, एवढं बरं. हायवेवर ट्रक सुसाट, मोती बिथरलेला. तेवढ्यात मोटारसायकलवरचे दोन दादा थांबले. "पहिले त्याले पानी पाज भाऊ, गाडी मंग देखू." एकाने मोतीला रस्त्यापासून लांब बाभळीखाली धरून ठेवलं, दुसऱ्याने स्टेपनी चढवली. खान्देशी माणूस बोलतो रांगडं, पण असा! नावं सांगितली नाहीत, पैसेही घेतले नाहीत. दादा, हे वाचत असाल तर धुळ्यात शेवभाजीला या, नाही म्हणू नका.